कामाच्या दौऱ्यावर सोबत नवखा सहकारी असेल तर : आधी काय सांगावं, काय सोपवावं

दौरेकरी

दोघांनी कामासाठी प्रवास करायचा आणि त्यातल्या एकाचा तो पहिलाच दौरा असेल, तर बहुतेक घोळ एकाच कारणानं होतात. जाणत्याच्या ज्या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात त्या तो बोलून दाखवत नाही, आणि नवख्याला नेमकं काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. दोघंही गप्प राहतात आणि चूक विमानतळावर किंवा ग्राहकासमोर उघडी पडते. म्हणून या धाग्यात फक्त ‘बोलून दाखवायच्या’ गोष्टी गोळा करूया. गृहीत धरूया : परदेशातलं ठिकाण, चार-पाच दिवसांचा मुक्काम, ग्राहकाकडे जाऊन करायचं काम. अनुभव नकोत, नेमकी माहिती द्या.

सुरुवात माझ्याकडून. निघायच्या दहाएक दिवस आधी नवख्यासोबत तासभर बसा आणि या चार गोष्टी तिथेच उघडून बघा.

पासपोर्ट : बरेच देश प्रवेशाच्या किंवा परतीच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैधता मागतात. ‘संपलेला नाही’ एवढं बघून भागत नाही. कोरी पानंही मोजा.

नाव : तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आडनावाचा रकाना रिकामा असणं, मधलं नाव गाळलेलं असणं, पहिलं नाव आणि आडनाव उलटसुलट झालेलं असणं हे नेहमीचे प्रकार. तिकीट काढल्या दिवशी सापडलं तर दुरुस्ती सोपी असते, काउंटरवर सापडलं तर नसते.

वेळा : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+1’ असेल तर दुसरा दिवस. नवख्याकडून प्रवासाचे तास मोजून घ्या. चुकला तर तिथेच समजतं.

हॉटेलची तारीख : विमान 14 तारखेला रात्री 00:40 ला उतरत असेल तर खोली 13 तारखेपासून घ्यावी लागते. 14 पासून घेतली तर पहाटे लॉबीत बसून दुपारची वाट बघावी लागते. ही चूक जाणत्यांकडूनही होते, म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे तपासा.

---

कोरा_पीएनआर

तिकिटांबद्दल भर घालतो.

दोघांची तिकिटं शक्यतो एकाच पीएनआरवर (बुकिंगच्या क्रमांकावर) काढावीत. विमान रद्द झालं तर एअरलाइनची यंत्रणा एका पीएनआरवरच्या प्रवाशांना सहसा एकत्र हलवते. वेगवेगळे पीएनआर असतील तर जाणता एका विमानात आणि नवखा दुसऱ्या, असं सहज होतं. आधीच वेगळे निघाले असतील तर एअरलाइनला सांगून एकमेकांचे क्रमांक नोंदीत टाकून घ्या. उलट बाजू अशी की दोघांपैकी एकजण आधी परतणार असेल तर पीएनआर वेगळा करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, आयत्या वेळी ऐकत नाहीत.

कनेक्टिंग प्रवास असेल तर सगळे टप्पे एकाच तिकिटावर हवेत. दोन वेगळी तिकिटं जोडली तर पहिल्याला उशीर झाल्यावर दुसऱ्या एअरलाइनवर कसलीच जबाबदारी येत नाही, आणि बॅगही बहुधा मध्ये काढून पुन्हा द्यावी लागते.

नवख्याला हमखास ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे पहिल्या टप्प्याचं विमान घेतलं नाही तर पुढचे सगळे टप्पे रद्द होतात. ‘मी नातेवाइकांकडे आहे, थेट मधल्या विमानतळावर येतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

---

पाना_पकड

काम हातानं करायचं असेल, म्हणजे मशिन बसवणं, दुरुस्ती, कमिशनिंग (बसवलेलं मशिन तपासून चालू करून देणं), तर व्हिसाचा प्रकार आधी बघा. बऱ्याच देशांत बिझनेस व्हिसावर मीटिंग, पाहणी, चर्चा चालते, पण हातात पाना धरून काम केलेलं चालत नाही. काही ठिकाणी विकलेल्या यंत्राच्या उभारणीसाठी सवलत असते, पण तिच्याही अटी असतात. ग्राहकाच्या निमंत्रणपत्रात कामाचं वर्णन काय लिहिलंय ते वाचा आणि व्हिसाशी ताडून बघा.

इमिग्रेशनला दोघांची उत्तरं सारखी आली पाहिजेत, आणि ती सारखी येण्याचा एकच मार्ग म्हणजे खरं ते सांगणं. नवखा घाबरून जास्त बोलतो किंवा ‘फिरायला आलोय’ म्हणून मोकळा होतो. त्याला सांगा : विचारलं तेवढंच सांगायचं. कुठल्या कंपनीकडे, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. या चार उत्तरांचे कागद (निमंत्रणपत्र, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, ग्राहकाच्या माणसाचा फोन नंबर) छापील स्वरूपात त्याच्या स्वतःच्या हातात हवेत. जाणत्याच्या बॅगेत असून उपयोग नाही, कारण रांगा वेगळ्या होतात आणि तुम्ही कदाचित आधीच पलीकडे गेलेले असता.

याच कारणासाठी पासपोर्टसुद्धा ज्याचा त्याच्याकडे. ‘माझ्याकडे दे, मी सांभाळतो’ हा लाड करू नका.

आता हत्यारांबद्दल. नवख्याकडून सर्वांत जास्त वस्तू इथेच जप्त होतात.

पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड सगळं चेक-इन बॅगेत. कॉर्डलेस ड्रिलचं यंत्र चेक-इनमध्ये चालतं, पण सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच घ्याव्या लागतात. बॅटरीच्या धातूच्या टोकांवर (टर्मिनलवर) इन्सुलेशन टेप लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. हिशोब सोपा आहे : व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर = 90 वॉट-अवर. 100 च्या आत असल्यानं सहसा परवानगी लागत नाही. तीच बॅटरी 6 अँपिअर-अवरची असेल तर 108 होतात. 100 ते 160 च्या मधल्या बॅटरीला एअरलाइनची आगाऊ मंजुरी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच नेता येतात. 160 च्या वर प्रवासी सामानात नाहीच.

ज्वलनशील काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थिनर, गॅसवर चालणारी सोल्डरिंग गन, गॅसचे डबे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. ग्राहकाला आठवडाभर आधी यादी पाठवून तिथेच मागवून ठेवायला सांगा.

टॉर्क रेंच, मल्टिमीटर वगैरे मापनाची हत्यारं असतील तर त्यांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं (हत्यार अचूक मोजतं याचे दाखले) सोबत घ्या. तारीख उलटलेली असेल तर ग्राहकाचा क्वालिटी विभाग मोजमापच मान्य करत नाही आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

---

काचेची_बरणी

पॉवर बँकचा हिशोबही असाच होतो का? त्यावर वॉट-अवर लिहिलेले नसतात.

---

पाना_पकड

हो. एमएएच भागिले 1000, गुणिले 3.7. म्हणजे 20,000 एमएएच म्हणजे 74 वॉट-अवर. 27,000 च्या आसपास शंभराची रेषा येते. पॉवर बँक ही सुटी बॅटरीच मानतात, त्यामुळे केबिनमध्येच. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात, म्हणून छापील आकडा स्पष्ट दिसणारीच न्या. विमानात ती वापरण्यावर काही एअरलाइन्सनी बंदी घातली आहे, ते आपापल्या एअरलाइनचं बघा.

---

सीमाशुल्क

महागडी उपकरणं परत आणायच्या बोलीवर नेत असाल तर ‘ए.टी.ए. कार्नेट’ हा शब्द नवख्याला समजावून सांगा. हे तात्पुरत्या आयातीचं आंतरराष्ट्रीय कागदपत्र आहे. यादीत प्रत्येक वस्तू, तिचा सिरियल नंबर, वजन, किंमत. वैधता जास्तीत जास्त एक वर्ष. सगळे देश ते स्वीकारत नाहीत, हे आधी तपासा.

शिक्के साधारण चार ठिकाणी लागतात : स्वदेशातून निघताना, तिथे शिरताना, तिथून निघताना, स्वदेशात परतताना. चुकतो तो बहुधा पहिला किंवा तिसरा. कारण माणूस सवयीनं सरळ चेक-इनला जातो, बॅग पट्ट्यावर जाते आणि मग कस्टम्सचा अधिकारी ‘वस्तू दाखवा’ म्हणतो. क्रम असा ठेवा : आधी कस्टम्सचं टेबल, मग बॅग. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर जास्त धरा. तिसरा शिक्का राहिला तर ‘माल त्या देशातच राहिला’ असा अर्थ निघतो आणि ड्युटीची मागणी महिन्यांनंतर ऑफिसात येऊन धडकते.

आणखी एक. कार्नेटवर प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव आहे त्यानंच माल न्यायचा. नाव जाणत्याचं आणि पेटी नवख्याच्या हातात, असं करू नका.

---

दौरेकरी

सामानाच्या वाटणीबद्दल इथेच सांगून टाकतो. एकाच्या बॅगेत सगळी हत्यारं आणि दुसऱ्याच्या बॅगेत सगळे सुटे भाग अशी वाटणी दिसायला नीट असते, पण एक बॅग हरवली की काम ठप्प. दोन्ही बॅगांत दोन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या टाका, जेणेकरून एका बॅगेवर पहिला दिवस तरी निभावेल. बऱ्याच एअरलाइन्सवर नगाला 23 किलो असतात आणि 32 किलोच्या वरचा नग सहसा घेतच नाहीत. हत्यारांची बॅग घरी काट्यावर तोला, अंदाजानं नको. लोखंड दिसतं त्यापेक्षा जड भरतं.

एका दिवसाचे कपडे, औषधं, लॅपटॉप, कामाच्या फायली केबिन बॅगेत. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. काही देशांत कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली साधी सर्दी-खोकल्याची औषधंही नियंत्रित यादीत असतात, तेव्हा नवख्याला गोळीचं नाव नव्हे तर त्यातला घटक तपासायला सांगा.

---

टॅग_बघा

बॅग काउंटरवर दिल्यावर लगेच टॅग वाचायची सवय लावा. टॅगवर विमानतळाची तीन अक्षरं मोठी छापलेली असतात, ती शेवटच्या ठिकाणची आहेत ना ते बघायचं. दोन सेकंदांचं काम. पावतीचा फोटो काढून तो एकमेकांना पाठवायचा.

मध्ये बॅग काढावी लागते का, हे देशावर अवलंबून असतं. अमेरिकेत सहसा पहिल्या प्रवेशाच्या विमानतळावरच बॅग घेऊन कस्टम्समधून पुढे यावं लागतं आणि मग ती परत पट्ट्यावर द्यायची, जरी टॅग शेवटच्या शहराचा असला तरी. नवखा टॅग बघून निर्धास्त होतो आणि बॅग मागे राहते.

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यायचा. 1999 च्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत करावी लागते. मुदत गेली की दावा संपला. ‘हॉटेलवर जाऊन सावकाश बघू’ हे वाक्य नवख्याच्या तोंडी येईलच, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

---

हिशोबनीस

पैशांबद्दल कुणी बोलत नाही आणि नवख्याची सर्वांत मोठी अडचण तीच असते. तो स्वतःहून सांगणार नाही, तुम्हीच विचारा.

हॉटेलात चेक-इन करताना खोलीभाडं कंपनीनं आधीच भरलेलं असलं तरी वरखर्चासाठी कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. नवख्याचं कार्ड कमी मर्यादेचं असेल किंवा परदेशी व्यवहार बंद असतील तर काउंटरवर सगळ्यांदेखत कार्ड नाकारलं जातं. डेबिट कार्ड असेल तर अडकलेले पैसे सुटायला खोली सोडल्यावरही कित्येक दिवस लागतात. उपाय तीन : कंपनीचं कार्ड, किंवा हॉटेलला आधीच कंपनीकडून ‘सर्व खर्च कंपनीच्या नावे’ असं पत्र आणि त्याची पोच, किंवा जाणत्याच्या कार्डावर दोन्ही खोल्या. यातलं काय ठरलंय ते निघण्यापूर्वी लेखी असू द्या.

अॅडव्हान्स खात्यात जमा होऊन मगच प्रवास. ‘तू भर, नंतर मिळतील’ हे पगारातल्या नव्या माणसाला सांगू नये. परत मिळायला महिना लागला तर त्याचा महिना अडतो.

कार्डाचे परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमध्ये सुरू करून ठेवणं, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो त्या सिमचं रोमिंग सुरू असणं, या दोन गोष्टी घरूनच करायच्या. तिथलं नवं सिम किंवा ई-सिम घेतलं तरी जुनं सिम काढून ठेवू नये.

कार्डाच्या मशिनवर कधी कधी विचारतात : स्थानिक चलनात की तुमच्या चलनात? नेहमी स्थानिक निवडायचं. स्वतःच्या चलनाचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात व्यापाऱ्याकडचा चढा दर लावलेला असतो.

बिलांचे फोटो रोज रात्री. थर्मल कागदावरची शाई उन्हानं आणि उष्णतेनं उडते, पाकिटात चोळली गेली तरी पुसते. फोटोच्या नावात तारीख-खर्चाचा प्रकार-रक्कम लिहायची. दोघांचं बिल एकत्र आलं तर ते कुणाच्या हिशोबात जाणार ते त्याच वेळी पाठीमागे लिहा. एकच बिल दोन हिशोबांत लागलं की चौकशी होते आणि ती नव्या माणसाच्या वाट्याला येते.

---

उंबरठा

नवखी सहकारी बाई असेल तर काही जास्तीचं? जाणता पुरुष असेल तर त्यानं काय पाळावं?

---

सावलीतली_खुर्ची

यातलं बरंचसं कुणालाही लागू आहे, पण जबाबदारी पदानं मोठ्या माणसाची, म्हणून त्याला उद्देशून लिहिते.

खोल्या स्वतंत्र, हे वेगळं सांगायला नको. काम, चर्चा, दुसऱ्या दिवसाची तयारी लॉबीत, कॅफेत किंवा हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये. खोलीत कधीच नाही, ‘पाच मिनिटं’सुद्धा नाही. हे स्वतः आधी सांगावं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची वेळ येत नाही.

रात्रीचं जेवण सोबतच घ्यायचं अशी सक्ती नको. ‘मी अमुक वाजता खाली आहे, यायचं असेल तर ये, नाही तर सकाळी भेटू’ असं वाक्य पहिल्याच दिवशी बोलावं. अख्खा दिवस वरिष्ठासोबत काढलेल्या माणसाला संध्याकाळी एकटं राहायची फार गरज असते.

ऑफिसातली तिसरी एक व्यक्ती अशी ठरलेली हवी की जिला नवख्यानं थेट फोन करायचा, तुम्हाला न विचारता. नाव आणि नंबर दोघांनाही माहीत.

खोलीबद्दल : तळमजल्याची नको. रिसेप्शनवर खोली क्रमांक मोठ्यानं उच्चारला तर दुसरी खोली मागायचा हक्क आहे. आत गेल्यावर दाराची कडी-साखळी तपासायची, आणि खोलीपासून आपत्कालीन जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजून ठेवायची. धुरात दिसत नाही, हातानं मोजता येतं.

ग्राहकाकडून रात्रीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं तर ते नाकारायची मुभा नवख्याला आहे, आणि तो नकार ग्राहकापर्यंत पोहोचवायचं काम तुमचं.

---

काचेची_बरणी

आता मुख्य प्रश्न. ग्राहकासमोर नवख्याला बोलू द्यायचं की गप्प बसवायचं?

---

मिनिट्सवाला

गप्प बसवायचं असेल तर त्याला सोबत नेता कशाला? पण काय बोलायचं नाही ते आदल्या संध्याकाळी ठरवा. अर्धा तास पुरतो.

तीन विषयांवर नवख्यानं शब्द द्यायचा नाही : किंमत, तारीख, आणि कामाची व्याप्ती. तिसरा सर्वांत धोक्याचा. ग्राहकाचा माणूस कॉरिडॉरमध्ये सहज विचारतो, ‘हे एवढं पण करून द्याल ना?’ आणि नवखा सौजन्यानं ‘हो, बघतो’ म्हणतो. ग्राहकाच्या वहीत ते ‘कबूल केलं’ म्हणून उतरतं. त्याला एक वाक्य पाठ करून द्या : ‘लिहून घेतलं आहे, तपासून आज संध्याकाळपर्यंत कळवतो.’ आणि मग संध्याकाळी खरंच कळवायचं. न कळवल्यास हे वाक्य दुसऱ्या दिवसापासून चालत नाही.

त्याच्या अखत्यारीतलं काय ते तितकंच स्पष्ट हवं. उदाहरणार्थ, चाचणीचे आकडे तो मांडेल, त्यावरच्या प्रश्नांना तोच उत्तर देईल. मग त्या दहा मिनिटांत तुम्ही तोंड उघडायचं नाही. ग्राहक सवयीनं तुमच्याकडे बघून विचारेल. तेव्हा नवख्याकडे बघा, म्हणजे प्रश्न आपोआप तिकडे वळतो.

त्यानं चुकीचा आकडा सांगितला तर? सुरक्षेशी किंवा पैशाशी संबंध असेल तर लगेच, पण माणसावर न जाता : ‘त्या आकड्यात एक दुरुस्ती, तो 40 नाही, 14 आहे.’ बाकी सगळं नंतर, दोघंच असताना. मात्र टॅक्सीत, लिफ्टमध्ये, ग्राहकाच्या कँटीनमध्ये ग्राहकाबद्दल बोलायचं नाही. मातृभाषेत बोललं म्हणजे कुणाला कळत नाही, हा समज नवख्यात फार असतो.

टिपणं नवख्याकडे द्या, पण पद्धत सांगून द्या. पानाला उभी रेघ. डावीकडे काय बोललं गेलं, उजवीकडे कोण, काय, कधीपर्यंत. उजवा रकाना रिकामा राहिला तर मीटिंग संपायच्या आत विचारून भरायचा. मिनिट्सचा (मीटिंगच्या इतिवृत्ताचा) मसुदा त्याच रात्री तुमच्याकडे, ग्राहकाकडे 24 तासांत. उशीर झाला की ग्राहक स्वतःचे मिनिट्स पाठवतो, आणि मग त्याची शब्दरचना मान्य करत बसावं लागतं.

---

पाना_पकड

साइटच्या कामाला हे चालेल, फक्त एक बदल. साइटवर पहिला तास सुरक्षेच्या माहितीचा असतो : गेटपास, हेल्मेट, सेफ्टी शूज, लॉकआउट (काम चालू असताना यंत्र कुणी सुरू करू नये म्हणून त्याची वीज बंद करून कुलूप लावणं). सेफ्टी शूज घरूनच न्यायचे, तिथे मापाचे मिळतील याची खात्री नसते, आणि कोरे करकरीत शूज न्यायचे नाहीत. आठवडाभर आधी वापरून मऊ करायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पायाला फोड.

लॉकआउटचं कुलूप ज्याचं त्याचं. यंत्रात दोघांचे हात जाणार असतील तर दोन कुलुपं, दोन चाव्या. ‘माझं कुलूप आहे, तू ये आत’ असं नवख्याला कधीही म्हणू नका. आणि कुलूप लावल्यावर मीटरनं वीज नाही हे मोजायचं : मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. हे त्याच्या हातून करून घ्या.

काम थांबवायचा अधिकार त्याला पहिल्या मिनिटापासून द्या. शंका आली की ‘थांबा’ म्हणायचं, कारण नंतर सांगायचं. ग्राहकाच्या फोरमनसमोर नवा माणूस हे बोलायला कचरतो, म्हणून तुम्ही फोरमनच्या देखतच हे सांगा.

---

कोरा_पीएनआर

पोहोचण्याच्या दिवशी काम ठेवू नका, असं कुणी म्हटलेलं दिसत नाही. शरीर साधारण दिवसाला एक टाइम झोन या गतीनं जुळवून घेतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. पाच झोनच्या पुढे असाल तर एक रात्र मध्ये हवीच. जाणत्याला सवयीनं निभावता येतं आणि तो आपल्या मापानं कार्यक्रम आखतो, तिथे चूक होते.

रात्रभराच्या विमानानंतर भाड्याची गाडी स्वतः चालवणं टाळा. सलग 17 तास जागं राहिलं की प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते, असं मोजमापांत दिसलं आहे. ‘मी चालवतो’ असा उत्साह नवख्याला येतो, त्याला नाही म्हणा. स्वतःलाही.

फोनच्या कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकताना टाइम झोन निवडून टाकायचा. न निवडता घरी बसून ‘9:00’ टाकलं तर तिथे पोहोचल्यावर फोन ती वेळ सरकवून दाखवतो.

---

टॅग_बघा

आणि लॅपटॉप. व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) ऑफिसच्या बाहेरच्या नेटवर्कवरून एकदा जोडून बघा. पासवर्डची मुदत दौऱ्याच्या मध्यात संपत नाही ना, तेही बघा. बाहेरून पासवर्ड बदलताना खातं लॉक होणं हा नेहमीचा प्रकार आहे. प्रेझेंटेशन लॅपटॉपवर उतरवलेलं हवं, क्लाउडवर आहे म्हणून भागत नाही. दोघांच्या लॅपटॉपवर एकच आवृत्ती, फाइलच्या नावात तारीख. चार्जरवर 100–240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त प्लगचा अडॉप्टर पुरतो. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांवर बहुधा एकच व्होल्टेज असतं, ते न्यायचंच नाही.

---

उंबरठा

एवढं सगळं सांगितलं तर तो घाबरून जाईल. की त्याला चुकू द्यावं?

---

दौरेकरी

दोन्ही टोकं नकोत. चूक स्वस्त असेल तिथे चुकू द्या, महाग असेल तिथे आधी सांगा. टर्मिनलमध्ये चुकीच्या दिशेनं दहा मिनिटं चालला तर चालू द्या, वेळ हातात असेल तर. पासपोर्ट, व्हिसा, बॅटरी, लॉकआउट, किंमत या पाच ठिकाणी चुकू देऊ नका.

सोपवायची पद्धत टप्प्याटप्प्यानं. जाताना तुम्ही पुढे आणि प्रत्येक पायरीला कारण बोलून दाखवायचं : ‘आता बोर्ड बघतोय, कारण बोर्डिंग पासवर छापलेलं गेट बदलू शकतं.’ मधल्या विमानतळावर तो पुढे, तुम्ही एक पाऊल मागे. तिथल्या रोजच्या जाण्या-येण्याची गाडी, वेळ, रस्ता पूर्णपणे त्याच्याकडे. परतीला सगळंच त्याच्याकडे, म्हणजे हॉटेल कधी सोडायचं ते सुद्धा त्यानं ठरवायचं. फक्त हिशोब मागून घ्या. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन अनेक ठिकाणी एक तास आधी बंद होतं, गेट 15–20 मिनिटं आधी. त्यावरून उलटं मोजत त्यानं वेळ सांगावी : गेट, सुरक्षा, इमिग्रेशन, काउंटर, रस्ता, आणि कार्नेट असेल तर तो तास. आकडा तुमच्या मनातल्या आकड्यापेक्षा थोडा लवकरचा निघाला तर मान्य करा, वाद घालू नका. उशिराचा निघाला तर कुठली पायरी राहिली ते विचारा, सांगू नका.

चुकामूक झाली तर काय, हेही ठरवा. फोन लागत नसेल तर कुठे थांबायचं (बॅगेज पट्ट्यानंतरचं बाहेर पडायचं दार चांगलं), किती वेळ (30 मिनिटं), आणि मग काय (तिथून थेट हॉटेल). हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत, कागदावर, त्याच्या खिशात. त्याच कागदावर विम्याचा पॉलिसी क्रमांक आणि चोवीस तासांचा फोन नंबर. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर शक्य असेल तिथे विमा कंपनीला आधी फोन करावा लागतो, नाहीतर बिल स्वतः भरून नंतर मागत बसावं लागतं. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग आपला दूतावास. त्यासाठी पासपोर्टची छायाप्रत आणि तीन-चार फोटो मूळ पासपोर्टपासून वेगळ्या ठिकाणी ठेवायचे.

---

हिशोबनीस

परत आल्यावरचं राहिलं. खर्चाचा हिशोब तीन कामकाजाच्या दिवसांत, आणि पहिल्या वेळी शेजारी बसून करून घ्या. बोर्डिंग पासचे तुकडे तोपर्यंत फेकू नका, काही कंपन्यांत प्रवासाचा पुरावा म्हणून मागतात. हिशोब पास करताना एखादं बिल नाकारलं गेलं तर का, ते त्याला लेखी कळवा.

---

मिनिट्सवाला

कामाचा अहवाल त्यानं लिहावा, तुम्ही तपासावा, आणि पाठवताना त्याचं नाव लेखक म्हणून राहू द्यावं. ग्राहकाचा पुढचा प्रश्न मग थेट त्याच्याकडे येतो. त्या मेलला लगेच तुम्ही उत्तर देऊ नका. एक दिवस त्याची वाट बघा.